घाईत आलो तर देऊ नका

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं.

राहात्याजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी गेले होते. सर्व्हर रूमच्या बाहेर चपला काढल्या, दार वाजवलं, आत कोणीच नाही असं पाहून कोपऱ्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसले. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे अशा जागी कुठे बसायचं आणि कुठे उभं राहायचं हे मला अजूनही पटकन कळत नाही. तेवढ्यात सर आत आले. माझ्याकडे न बघता खुर्चीकडे बघून म्हणाले,

“ती सामान ठेवायची खुर्ची आहे.”

“सॉरी सर. रिकामी होती म्हणून...”

“रिकामी आहे म्हणून ती बसायची होत नाही. काय लिहिलंय तिच्यावर?”

मी वळून बघितलं. खुर्चीच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या पेनाने ‘सामान’ असं लिहिलं होतं. शेजारच्या खुर्चीवर ‘माणूस’. मी उठले, त्या खुर्चीवर बसले, आणि मग सर प्रसन्नपणे म्हणाले, “हं. आता बोल. कुठली तू?”

“पारनेर तालुक्यातली, सर.”

“घरी कोण?”

“आई, वडील. वडील गवंडीकाम करतात.” थोडं थांबून मी सांगितलं, “आईला इथंच ट्रीटमेंट चालू आहे. पोटात गाठ आहे.”

ते मला मुद्दाम सांगावं लागलं, कारण हे हॉस्पिटल मी निवडलं होतं ते त्याचसाठी. सरांनी ‘सामान’ खुर्चीवर माझी सॅक ठेवली आणि कामाला लागले.

त्या दोन खुर्च्यांवरून हॉस्पिटलमध्ये बरेच विनोद चालत. एकदा अधीक्षक साहेब, म्हणजे हॉस्पिटलचा सगळा कारभार बघणारे, घाईत येऊन सामानाच्या खुर्चीवर बसले. सर त्यांच्यासमोर नुसते उभे राहिले. साहेबांनी विचारलं, “अहो, बसा की.” सर म्हणाले, “तुम्ही उठलात की बसतो.” शेवटी साहेब उठले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, दुसरं हॉस्पिटल बघ. इथं शिकशील काही नाही, येडी मात्र होशील.”

मी येडी झाले नाही. पण सरांची भीती मला शेवटपर्यंत वाटत राहिली, हेही खरं.

सरांचं काम काय होतं ते मला समजलं तसं सांगते. त्या हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅनच्या फिल्म द्यायचं बंद झालं होतं. पेशंटच्या हातात फक्त रिपोर्टचा कागद. चित्रं सगळी सर्व्हरवर. एका मोठ्या लोखंडी कपाटात खण होते, प्रत्येक खणात एक डिस्क, आणि त्या डिस्का जोडून दोन मोठे साठे केलेले, एक चालू कामाचा, एक जुन्या चित्रांचा. साठा लहान-मोठा करायचा, नवी डिस्क जोडायची, जुनी काढायची, हे करणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला व्हॉल्यूम मॅनेजर म्हणतात. सर म्हणायचे, “या इमारतीतलं सगळ्यात धारदार हत्यार ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. ते इथं आहे. एका ओळीत हजारो माणसांची चित्रं पुसतं, आणि रक्ताचा थेंब दिसत नाही.”

म्हणून त्यांनी त्या प्रोग्रॅमला सक्तीच्या पॉलिसीत, म्हणजे मशीनच्या आतच लिहिलेल्या नियमांत, बांधून टाकलं होतं. साध्या संगणकावर फाइलचा मालक ठरवतो, कोणाला काय करू द्यायचं. आणि सगळ्यांच्या वरचा जो ॲडमिन असतो त्याला तर काहीच अडवत नाही. सरांच्या मशीनवर तसं नव्हतं. तिथं प्रत्येक गोष्टीला एक लेबल होतं आणि कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या लेबलला हात लावायचा हे आधीच लिहून ठेवलेलं. व्हॉल्यूम मॅनेजरने ‘सुटी’ आणि ‘चालू’ लेबलच्या डिस्कांना हात लावायचा. ‘जुनी चित्रं’ हे लेबल असलेल्या डिस्कांवर त्याने लिहायचं नाही. ॲडमिनने सांगितलं तरी नाही.

“म्हणजे तुम्ही सांगितलं तरी नाही, सर?” मी विचारलं होतं.

“मी सांगितलं तर अजिबातच नाही. सगळ्यात जास्त चुका करायची ताकद कोणाकडे आहे इथं? माझ्याकडे.”

सकाळी आल्यावर चहा घेता घेता सर आदल्या दिवशीचे नकार वाचायचे. मशीनने कोणाला कशाला नाही म्हटलं त्याच्या ओळी पडद्यावर येत. त्या इंग्रजी ओळी अगम्य असत, पण सर त्या मराठीत करून मोठ्याने वाचत. कोणी मागितलं, काय करायला मागितलं, कशावर मागितलं, उत्तर काय. एखादा घरी पेपर वाचून दाखवतो तसं. असं काम करणारे बहुतेक लोक नकार आला की सगळी पॉलिसीच बंद करून टाकतात, कारण ती बंद करायला एक छोटी आज्ञा पुरते. त्या आज्ञेचं नाव कोणी काढलं तरी सरांचा चेहरा बदलायचा. ते म्हणायचे, “नाही हे उत्तर आहे. बिघाड नाही. लोक उत्तराला बिघाड समजतात आणि दुरुस्त करायला धावतात.”

या माणसाचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांना मधुमेह होता, तर त्यांनी कँटीनच्या सिंधूताईंना सांगून ठेवलं होतं की मी गोड मागितलं तर द्यायचं नाही, कितीही बोललो तरी. पंधरा ऑगस्टला कँटीनमध्ये जिलबी होती. सर ताट घेऊन उभे.

“सिंधूताई, एक.”

“न्हाई.”

“अहो, आज झेंडावंदन आहे.”

“झेंड्याला सलाम करा. जिलबी न्हाई.”

सर खरोखर चिडले. “तुम्हाला कळतं का, मी सांगतोय! मीच सांगितलेला नियम मीच मागे घेतोय!” सिंधूताईंनी जिलबीच्या परातीवर झाकण ठेवलं. सर दोन पावलं गेले, परत आले, आणि म्हणाले, “थँक यू.” रांगेतले सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना ती जिलबी खरंच हवी होती.

मशीनच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं होतं. पॉलिसी एकदा लागू झाली की चालू मशीनमध्ये ती कोणालाच बदलता यायची नाही. बदलायची तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि त्या वेळी एक पासवर्ड टाकायचा. त्या पासवर्डचा पहिला अर्धा भाग सरांना माहीत होता. दुसरा अर्धा ब्लड बँकेच्या नसरीन मॅडमना. तो ठरवला त्या दिवशी, म्हणे, मॅडम कीबोर्डवर टाइप करत होत्या आणि सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“मॅडमच का, सर?” मी विचारलं.

“कारण ब्लड बँकेत एक पद्धत आहे. रक्ताची पिशवी बाहेर देण्याआधी दोन माणसं समोरासमोर उभी राहून सगळं मोठ्याने वाचतात. एक वाचतो, दुसरा पडताळतो. शंभर वेळा केलेलं असलं तरी वाचतात. या इमारतीत घाई न करणारी एवढीच माणसं आहेत.”

आणि मॅडमना त्यांनी सांगून ठेवलं होतं, “मी घाईत आलो तर देऊ नका. आधी मला नकार मोठ्याने वाचायला लावा.”

खंडेनवमीला सर्व्हर रूममध्ये पूजा झाली. ती सर स्वतः करत. सुट्टीमुळे काम कमी असायचं, म्हणून मशीन रीतसर बंद करून सगळ्या डिस्का खणांतून बाहेर काढायचे, मऊ फडक्याने धूळ पुसायचे, एका मोठ्या ताटात मांडायचे आणि प्रत्येकीच्या कडेला अंगठ्याने हळद-कुंकू लावायचे. गवंडी थापीची पूजा करतो, माझे वडीलही करतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सरांनी हात जोडले, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, प्रत्येक डिस्क पुन्हा खणात सरकवली, मशीन सुरू केलं. सगळं सुरळीत चालू झालं. पेढे वाटले. सरांनी खाल्ला नाही.

दिवाळीच्या अलीकडचा तो सोमवार. पुण्याहून महिन्यातून एकदा येणारे कॅन्सरचे सर्जन त्या दिवशी आले होते. आईच्या औषधाचे ठरलेले डोस पूर्ण झाले होते आणि नवा स्कॅन झाला होता. ती सकाळच्या एसटीने नगरवरून एकटीच आली. डॉक्टरांनी ठरवायचं होतं, ऑपरेशन करता येईल की नाही. गाठ पोटातल्या एका मोठ्या शिरेला चिकटलेली होती. औषधाने ती सुटली असेल तर ऑपरेशन, नसेल तर पुढे काय ते मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी आईचा कागद वाचला आणि म्हणाले, “जुना स्कॅन लावा शेजारी.”

पडदा कोरा होता.

सकाळपासून चालू साठा भरून गेला होता. नवं काही ठेवायला जागाच उरली नाही म्हणून चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम बंद पडला होता. नुसता आईचाच नाही, कोणाचाच स्कॅन उघडत नव्हता. बाहेर बाकांवर बाया-माणसं बसलेली, काही पार भंडारदऱ्याच्या बाजूची, पहाटे निघालेली.

“डॉक्टर, रिपोर्टमध्ये मापं आहेत ना,” मी भीत भीत म्हटलं.

“बाळा, मापावरून मी पोट उघडत नाही. गाठ आणि शीर यांच्यामध्ये फट पडलीय का ते मला डोळ्यांनी बघायचंय. दोन्ही चित्रं शेजारी हवीत.” त्यांनी घड्याळ बघितलं. “चारला मला निघायला लागेल. पुण्यात केस आहे. नाही जमलं तर पुढच्या महिन्यात.”

पुढच्या महिन्यात. औषध थांबलेलं असताना एक महिना म्हणजे काय, हे आईला कळू नये म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर तिनेच विचारलं.

“फोटू सापडंना व्हय?”

“सापडेल. आमचे सर करतायत.”

“त्योच का, खुर्चीवाला? बग जाऊन. मी बसते हितं. माजी काळजी करू नगं.”

मी सर्व्हर रूमकडे धावत गेले, दाराशी चपला काढल्या. आत अधीक्षक साहेब बुटांसकट उभे होते. सरांनी त्यांना काही म्हटलं नव्हतं, त्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

उपाय तसा सोपा होता. तिसऱ्या खणात एक सुटी डिस्क राखून ठेवलेली होती. ती साठ्याला जोडायची की जागा वाढणार. सरांनी तिसऱ्या खणाचं नाव घालून आज्ञा दिली. सुट्या डिस्कवरही पूर्वीच्या कामाच्या खुणा असतात, त्यामुळे आज्ञेत ‘जबरदस्तीने’ असं लिहावं लागतं, ते त्यांनी लिहिलं. मशीन म्हणालं, परवानगी नाही.

त्यांनी पुन्हा दिली. परवानगी नाही.

“झालं?” साहेब म्हणाले. “बंद करा ती तुमची पॉलिसी. ज्याने मशीन बसवलं त्या माणसाने मागच्याच वर्षी सांगितलं होतं, एक आज्ञा आहे. ती द्या आणि मोकळे व्हा.”

“ती आज्ञा इथं चालत नाही.”

“का?”

“मी चालू ठेवली नाही.”

“मग चालू करा!” साहेबांचा आवाज चढला. “बाहेर जाऊन बघा एकदा! लोक मला शिव्या घालतायत. डॉक्टर चारला जातील. या पोरीची आई बाहेर बसलीय, तिला काय सांगू, आमच्या मशीनची मर्जी नाही म्हणून?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, खोलीत एसी असून. मी काहीतरी बोलावं, राहू द्या म्हणावं, असं मला एकदा वाटलं. पण मला राहू द्यायचं नव्हतं. मला वाटत होतं की त्यांनी ते बंद करावं. मी गप्प उभी राहिले.

“लेबल चुकलंय,” सर हळूच म्हणाले. “ही डिस्क पूर्वी जुन्या चित्रांच्या साठ्यात होती. मीच काढून सुटी केली. लेबल बदलायचं राहिलं असणार. माझीच चूक.” आणि मग, त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं असं, “हा बिघाड आहे.”

ते उठले. ब्लड बँक खालच्या मजल्यावर. सर जिना उतरत होते तेव्हा मी त्यांच्या मागे होते. ते अनवाणीच निघाले होते, चपला वर दाराशी राहिल्या.

नसरीन मॅडम पिशवी देत होत्या. त्या आणि त्यांची सहकारी समोरासमोर उभ्या. पिशवीचा नंबर, गट, पेशंटचं नाव, वॉर्ड. सर दारात उभे राहून एकदा म्हणाले, “मॅडम.” मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि उरलेलं वाचून पूर्ण केलं. पिशवी गेली. मग त्या वळल्या.

“बोला सर.”

“तुमचा अर्धा हवाय. मशीन पुन्हा सुरू करून पॉलिसी काढायचीय.”

मॅडमनी त्यांच्या पायांकडे बघितलं. “तुम्ही घाईत आहात.”

“हो, आहे. मान्य आहे. आज खरंच आहे.”

“मग नाही.”

“मॅडम, हा खेळ नाही!” सर ओरडले. ब्लड बँकेत रक्त द्यायला आलेला एक माणूस पलंगावर उठून बसला. “मी काय जिलबी मागतोय का? बाहेर बायका बसल्यात. हिची आई बसलीय. तिला आज उत्तर मिळालं नाही तर महिना जाईल. तुम्हाला कळतंय का, महिना!”

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कळतंय.” त्यांचा आवाज खाली आला होता. “सर, मी देणार नाही असं म्हणत नाही. तुम्ही सांगितलंय तेवढं करा. नकार वाचा, मोठ्याने. मग मी स्वतः वर येते आणि टाकते. माझा शब्द.”

मला त्या क्षणी मॅडमचा राग आला. वेळ जात होता आणि यांचं आपलं वाचन. सरांनी खिशातून मोबाईल काढला. पडद्याचा फोटो त्यांनी काढून आणला होता.

“कोणी मागितलं, व्हॉल्यूम मॅनेजर. काय करायला, लिहायला. कशावर...” ते थांबले. “जुनी चित्रं. उत्तर, नाही.”

“मग बरोबरच म्हणतंय की.”

“लेबल चुकलंय, मॅडम. डिस्क सुटी आहे. मीच काढलीय. बदलायला विसरलो.”

“विसरलात हे आठवतंय, का असणार असं वाटतंय?”

सरांनी मोबाईल खिशात ठेवला.

“आमच्याकडे पिशवीवरचं लेबल चुकलंय असं वाटलं ना, सर, तर आम्ही लेबल खोडून रक्त लावत नाही. पिशवी बाजूला ठेवतो आणि शोधतो. तुमच्या त्या डिस्कवर तिचा नंबर असेल ना कुठे?”

“मागच्या बाजूला असतो.”

“तो बघितला?”

“खण क्रमांक तीन. तिसरा खण सुट्या डिस्कचा आहे. मॅडम, मला माझे खण माहीत आहेत.”

“खण नाही विचारला. डिस्क.”

माझ्या कानांत फ्रिजची घरघर भरली होती. सर वळले आणि जिना चढायला लागले, येताना होते त्याहून हळू.

वर त्यांनी मशीन बंद केलं. साहेब म्हणाले, “आता हे काय नवीन?” सरांनी तिसऱ्या खणातली डिस्क ओढून काढली. कडेला सुकलेल्या कुंकवाचा ठसा होता. डिस्क उलटी करून त्यांनी मागचा नंबर मला वाचायला दिला आणि स्वतः भिंतीवरच्या डिस्कांच्या तक्त्यातला नंबर बोट ठेवून बघत राहिले. मी एकेक आकडा मोठ्याने वाचला.

सर जमिनीवरच बसले.

ती सुटी डिस्क नव्हती. जुन्या चित्रांच्या साठ्यातली होती. खंडेनवमीला ताटातून उचलून परत ठेवताना दोन डिस्कांची जागा बदलली होती. साठा जुळवताना मशीन डिस्कला खणावरून नाही, तिच्या अंगच्या नंबरावरून ओळखतं, त्यामुळे कुठेही ठेवली तरी सगळं चालत राहिलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. लेबलही नंबरालाच चिकटलेलं. लेबल बरोबर होतं. जागा चुकली होती, आणि सर जागेवर गेले होते. सगळ्या जुन्या डिस्का मिळून एकच साठा, त्यातली एक पुसली असती तर उरलेल्या असून नसल्यासारख्या. दुसरी प्रत ठेवायची यंत्रणा त्यांनी केव्हाची मागितली होती, तिला मंजुरी यायची होती.

मशीनने नाही म्हटलं नसतं तर आईचं जुनं चित्र, आणि सगळ्यांचीच जुनी चित्रं, सरांनी स्वतःच्या हाताने, माझ्यासमोर, माझ्यासाठी पुसली असती.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

सरांनी सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

साहेब म्हणाले, “म्हणजे सकाळपासून तुमच्या पॉलिसीनेच अडवलं ना?”

“हो,” सर म्हणाले. “मला.”

साहेबांनी बूट काढून बाहेर ठेवले. नंतर म्हणाले, “मी डॉक्टरांना चहाला बसवतो. लवकर करा.” आणि जाता जाता, “लवकर म्हणजे, तुमच्या पद्धतीने.”

खरी सुटी डिस्क पाचव्या खणात निघाली. सरांनी दोन्हींची अदलाबदल केली आणि मशीन सुरू केलं. मशीन सुरू होईपर्यंत आम्ही पडद्याकडे बघत उभे होतो. ‘माणूस’ खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कोणी बसलं नाही. आज्ञा देण्याआधी सरांनी मला समोर उभं केलं आणि ती आज्ञा शब्द न शब्द वाचून दाखवली. “पडताळ,” म्हणाले. मी तक्त्यात नंबर पडताळला. त्यांनी बटण दाबलं.

मशीनने नाही म्हटलं नाही. साठा वाढला. चित्रांचा प्रोग्रॅम उठला.

मी धावत खाली आले तेव्हा डॉक्टरांची गाडी पोर्चमध्ये लागलेली होती आणि ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. साहेब त्यांचा हात धरून काहीतरी बोलत होते. मला बघून डॉक्टर थांबले. पुण्याला फोन लावला, “अर्धा तास उशीर होईल,” म्हणाले, आणि पुन्हा आत आले.

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लागली. राखाडी, गोल, माझ्या आईच्या आतलं काहीतरी. डॉक्टर बराच वेळ चित्र पुढे-मागे सरकवत राहिले. मग पेनाचं टोक पडद्यावर ठेवलं.

“ही बघ. इथं जुन्यात गाठ शिरेला चिकटलीय. नव्यात मध्ये ही बारीक काळी रेघ दिसते? ती फट आहे. सुटलीय गाठ.” ते आईकडे वळले. “काकू, ऑपरेशन करू.”

“मंजी चांगलंच ना ओ?” आई म्हणाली.

“चांगलंच.”

आईने पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाली, “जा, तुज्या सरास्नी सांग आदी. त्यो माणूस लई कावराबावरा झालता, मी बगितलाय त्याला जिन्यात.”

मी डॉक्टरांना विचारून त्या दोन चित्रांचा मोबाईलवर फोटो काढला. सर वरच्या पॅसेजमध्ये होते, चपलांच्या शेजारी, भिंतीला टेकून. माझ्याकडे बघत होते पण विचारत नव्हते. मी मोबाईल पुढे केला.

“सर, हे बघा ना. ही काळी रेघ...”

त्यांनी तोंड फिरवलं. एकदम, चटका बसल्यासारखं.

“चित्र नको. पेशंटची चित्रं बघायची मला परवानगी नाही.”

“तुम्हाला?”

“मला. इतकी वर्षं सांभाळली, एकही बघितलेलं नाही. मीच ठेवलेली नाही परवानगी.” त्यांनी डोळे मिटले होते. “तू तोंडाने सांग.”

मी मोबाईल खाली घेतला. “सर, गाठ शिरेपासून सुटलीय. ऑपरेशन होणार आहे.”

ते भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटूनच उभे होते.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “सावकाश.”

मी सांगितलं.